उत्पन्नाचे नियम आणि व्हिडिओचे रूप : यूट्यूबच्या अर्थव्यवहाराची चिकित्सा

प्रस्तावना

यूट्यूबविषयी मराठीत जे लेखन आढळते ते ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात घरबसल्या उत्पन्न कसे मिळवावे याचे मार्गदर्शन असते, तर दुसऱ्या प्रकारात तरुण पिढी बिघडत चालल्याची चिंता असते. या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे व्हिडिओ आधी तयार होतो आणि पैसा नंतर येतो. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे. गेल्या दोन दशकांत यूट्यूबने उत्पन्नाचे जे मार्ग अवलंबिले, त्यांनी व्हिडिओची लांबी, त्याचा आरंभ, विषयाची निवड आणि बोलण्याची भाषा या साऱ्यांवर आपला ठसा उमटविला आहे. मोबदल्याचे नियम हेच या माध्यमाचे अलिखित रूपशास्त्र ठरले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने अर्थव्यवहाराच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. नियतकालिकाची पृष्ठमर्यादा आणि मराठी लघुकथेची लांबी यांचा संबंध आपण वर्गात शिकवितो. मग येथे संकोच करण्याचे कारण दिसत नाही.

विकायचे काय?

चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम या तिघांनी २००५ च्या फेब्रुवारीत यूट्यूबची स्थापना केली. तिघेही पूर्वी पेपाल या कंपनीत होते. २३ एप्रिल २००५ रोजी प्राणिसंग्रहालयात चित्रित झालेला करीम यांचा १९ सेकंदांचा व्हिडिओ संकेतस्थळावर चढविण्यात आला. तो या संकेतस्थळावरील पहिला व्हिडिओ होय. उत्पन्नाची कोणतीही योजना त्या वेळी कार्यान्वित नव्हती. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून होता, कारण व्हिडिओ जितक्या वेळा पाहिला जाईल तितक्या वेळा तो वाहून नेण्याचा भार संकेतस्थळावर पडतो. पुस्तकाची प्रत एकदा छापली की वाचक ती कितीदा वाचतो याचे प्रकाशकाला काही देणेघेणे नसते. येथे लोकप्रियता हाच खर्च होता. सिकोया कॅपिटल या गुंतवणूकदार संस्थेच्या भांडवलावर हा खर्च भागत होता, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १.६५ अब्ज डॉलर किमतीच्या समभागांच्या मोबदल्यात ही कंपनी घेण्याचा करार केला.

याच सुमारास इतरांनी वेगळी उत्तरे शोधली होती. त्यांची नोंद घेणे आवश्यक आहे, कारण आज यूट्यूबची पद्धत स्वाभाविक वाटू लागली असली तरी ती अनेक पर्यायांपैकी एक होती. गूगलनेच जानेवारी २००६ मध्ये व्हिडिओंचे दुकान उघडले होते. तेथे दूरचित्रवाणी मालिकेचा भाग १.९९ डॉलरला विकत मिळे. ऑगस्ट २००७ मध्ये हे दुकान बंद झाले आणि विकत घेतलेले व्हिडिओही ग्राहकांना दिसेनासे झाले. कंपनीला पैसे परत करावे लागले. विकत घेतलेली वस्तू दुकानदाराच्या मर्जीने कपाटातून नाहीशी होऊ शकते, हा धडा ग्राहकांना प्रथम मिळाला तो अशा प्रसंगांतून. रेव्हर या संकेतस्थळाने व्हिडिओच्या शेवटी एक स्थिर जाहिरात दाखवून तिच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा निर्मात्याला देण्याची पद्धत सुरू केली होती. व्हिडिओकर्त्याला पैसे द्यावेत हा विचार यूट्यूबचा नव्हे. हर्ली यांनी तो जाहीरपणे स्वीकारला तो जानेवारी २००७ मध्ये, दावोस येथे. रेव्हर मात्र पुढे बंद पडले. व्हिमिओने तिसरा मार्ग धरला. तेथे जादा सोयी हव्या असलेल्या निर्मात्याकडूनच वर्गणी घेण्यात येऊ लागली.

या तीन प्रयोगांकडे एकत्र पाहिले असता एक भेद लक्षात येतो. गूगलच्या दुकानात व्हिडिओ विकला जात होता, व्हिमिओवर जागा विकली जात होती, रेव्हरवर व्हिडिओला चिकटलेली जाहिरात विकली जात होती. यूट्यूबने यांपैकी काय विकले? आरंभीची दोन वर्षे या प्रश्नाचे उत्तर त्या कंपनीलाही सापडले नव्हते. ते सापडण्यास कारणीभूत झाला एक खटला.

मार्च २००७ मध्ये व्हायाकॉम या माध्यमसमूहाने यूट्यूब व गूगल यांच्यावर एक अब्ज डॉलर नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. आपले कार्यक्रम परवानगीविना दाखविले जातात, ही तक्रार होती. (२०१० मध्ये निकाल यूट्यूबच्या बाजूने लागला, २०१२ मध्ये अपिलात प्रकरण पुन्हा खाली पाठविण्यात आले, २०१३ मध्ये निकाल पुन्हा यूट्यूबच्याच बाजूने लागला आणि २०१४ मध्ये तडजोड झाली.) न्यायालयीन बाजू येथे गौण आहे. महत्त्वाची आहे ती २००७ मध्येच उभी राहिलेली कंटेंट आयडी ही यंत्रणा. ध्वनी आणि चित्र यांचा ठसा घेऊन चढविलेल्या प्रत्येक व्हिडिओशी तो ताडून पाहण्याचे काम ती करते. आपला माल दुसऱ्याच्या व्हिडिओत सापडला तर मालकापुढे तीन पर्याय असतात : व्हिडिओ अडविणे, तो कोण पाहतो यावर केवळ नजर ठेवणे, किंवा त्यावर जाहिरात लावून तिचे उत्पन्न घेणे. बहुतांश मालकांनी तिसरा पर्याय पसंत केला. चोरीचा माल पकडून नष्ट करण्याऐवजी त्यावर कर बसविण्याची ही युक्ती होती. लग्नाच्या व्हिडिओत मागे वाजणारे चित्रपटगीत गाण्याच्या मालकाला उत्पन्न देऊ लागले. व्हिडिओ कोणी केला, का केला, हे प्रश्न हिशेबापुरते गौण झाले. व्हिडिओ ही विक्रीची वस्तू उरली नाही; त्याच्यासमोर बसलेला प्रेक्षक ही ती वस्तू झाली.

घड्याळाचे राज्य

प्रेक्षक विकायचा तर त्याचे माप हवे. प्रारंभी हे माप 'किती वेळा पाहिले' या आकड्याचे होते. या मापाने दिशाभूल करणाऱ्या शीर्षकांचा आणि मुखचित्रांचा सुळसुळाट झाला. प्रेक्षक आत येई, फसवणूक ओळखून पाचव्या सेकंदाला निघून जाई, आणि आकडा मात्र वाढे. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी पाहण्याच्या एकूण वेळेला प्राधान्य दिले. तत्पूर्वी, डिसेंबर २०१० मध्ये, पाच सेकंदांनंतर वगळता येणारी जाहिरात आली होती. तिच्यात जाहिरातदाराला पैसे पडत ते प्रेक्षकाने ती तीस सेकंद, किंवा ती त्याहून लहान असल्यास पूर्ण, पाहिली तरच. येथवर हे सारे न्याय्यच दिसते. प्रेक्षकाला नकाराचा अधिकार मिळाला आणि फसव्या शीर्षकाला काही प्रमाणात आळा बसला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु घड्याळ हे माप स्वीकारल्याबरोबर रचनेचे नियम बदलले. व्हिडिओच्या मध्यंतरी जाहिरात घालण्याची मुभा दहा मिनिटांच्या व्हिडिओंना होती. जुलै २०२० पासून ही मर्यादा आठ मिनिटांवर आली. ज्यांनी नियमितपणे हे व्हिडिओ पाहिले आहेत त्यांना दहा मिनिटे आणि काही सेकंद ही लांबी परिचित असेल. चार मिनिटांत सांगून होणारी पाककृती दहा मिनिटांची का झाली, याचे उत्तर कांदा चिरण्याच्या वेगात शोधण्याची गरज नाही. आरंभीच शेवटाचे आमिष दाखविणे, मुख्य गोष्ट पुढे ढकलणे, 'व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा' ही विनवणी करणे, ही सर्व लक्षणे या मापातून आलेली आहेत. कीर्तनकारही आख्यान लांबवितो, पण तो समोरच्या श्रोत्यांची जांभई पाहून आवरतेही घेतो. येथे जांभई आलेखाच्या रूपाने नंतर दिसते, आणि त्या आलेखावर पुढचा व्हिडिओ बेतला जातो.

मराठी व्हिडिओकर्त्याच्या बाबतीत या मापाला आणखी एक पदर आहे. जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते, आणि बोली लागते ती पाहणाऱ्यावर. तोच मराठी व्हिडिओ न्यू जर्सीत पाहिला गेला तर एक बोली लागते, नांदेडमध्ये पाहिला गेला तर दुसरी. साहजिकच दूरदेशीच्या मराठी प्रेक्षकाची आठवण, त्याचे सणवार, त्याच्या आईच्या हातची चव हे विषय हिशेबालाही सोयीचे ठरतात. स्मरणरंजनावर टीका करताना आपण ती मराठी मनाची प्रवृत्ती मानतो. तिच्यामागे दर हजार प्रेक्षकांमागचा भाव असू शकतो, हेही समीक्षेने लक्षात घ्यावयास हवे.

जाहिरातदार आणि संपादक

जाहिरातीच्या आधारावर वाङ्मय चालते याबद्दल मराठी वाचकाने नाक मुरडण्याचे कारण नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातींच्याच बळावर टिकली आहे. १९२० मध्ये निघालेले 'किर्लोस्कर खबर' तर कारखान्याचेच पत्र होते. पुढे त्यातून 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले आणि त्याने महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात जे स्थान मिळविले ते सर्वांना ज्ञात आहे. तेव्हा जाहिरात म्हणजे भ्रष्टता असे सोपे समीकरण येथे मांडावयाचे नाही.

भेद दुसरीकडे आहे. दिवाळी अंकाचा जाहिरातदार अंकातील पान घेतो. त्याचा पैसा संपूर्ण अंकाकडे येतो आणि संपादक तो वाटतो. अंकातील कविता किती जणांनी वाचली, ललित लेख किती जणांनी अर्ध्यावर सोडला, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ठेवता येतही नाही. त्यामुळे गाजलेल्या कथेच्या सावलीत अवघड कविता जगते. हिशेबाचा अभाव हाच तिचा आधार असतो. यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओची खतावणी स्वतंत्र आहे. त्याने आणलेले प्रेक्षक, त्यांनी थांबविलेले मिनिट, त्यांच्यावर लागलेली बोली, सारे त्याच्याच नावावर. सावली देणारे झाडच येथे नाही. लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो, आणि मराठी ग्रंथव्यवहारातील मानधनाशी तुलना करता हा आकडा उदारच म्हणावा लागेल. पण ते ५५ टक्के ज्या रकमेचे आहेत ती रकम ठरविणाऱ्या लिलावात निर्माता पक्षकार नाही.

संपादक नाही म्हणून त्याचे काम थांबले असेही नाही. ते जाहिरातदाराकडे गेले. २०१७ च्या आरंभी लंडनच्या 'द टाइम्स'ने मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंवर झळकत असल्याचे उघडकीस आणले. ब्रिटिश सरकारसह अनेक बड्या जाहिरातदारांनी आपल्या जाहिराती थांबविल्या. त्यानंतर 'जाहिरातस्नेही' आशयाचे नियम कडक झाले आणि जाहिरातीस अंशतः वा पूर्णतः अपात्र ठरलेल्या व्हिडिओपुढे डॉलरचे पिवळे चिन्ह दिसू लागले. युद्ध, आत्महत्या, लैंगिक अत्याचार हे विषय संशयित ठरले. या अटी पुढे वेळोवेळी सैल करण्यात आल्या हे खरे, पण भीतीची सवय नियमापेक्षा दीर्घायुषी असते. शेतकऱ्याच्या मृत्यूविषयी बोलताना 'आत्महत्या' हा शब्द गाळून तेथे शिट्टीचा आवाज भरणारा किंवा उपशीर्षकात त्या शब्दाच्या मधोमध तारांकन घालणारा मराठी निवेदक कोणत्याही सेन्सॉर मंडळाच्या आदेशाने तसे करीत नाही. त्याला कोणी मनाई केलेली नसते. व्हिडिओ दिसतो, राहतो. केवळ त्याला दाम मिळत नाही. मनाईला विरोध करता येतो, कोर्टात जाता येते. दाम न मिळण्याविरुद्ध दाद मागावी कोठे? मराठवाडा-विदर्भाच्या सर्वांत मोठ्या शोकांतिकेचे नाव उच्चारणे हा तोट्याचा व्यवहार ठरावा, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने केवळ तंत्रज्ञानाची बाब म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

दौलतजादा आणि सामाईक गल्ला

जाहिरातीवरील अवलंबन कमी करण्याचेही प्रयत्न झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत जाहिरातमुक्त वर्गणी आली. भारतात ती मार्च २०१९ मध्ये दरमहा १२९ रुपयांना सुरू झाली आणि २०२४ मध्ये १४९ रुपये झाली. जाहिरात हा त्रास आहे हे मान्य करून तो टळावा म्हणून पैसे घेणे, आणि त्याच वेळी जाहिरातदाराला तोच त्रास सेवा म्हणून विकणे, या व्यवहारातील विनोद सहज लक्षात येतो. २०१७ मध्ये थेट प्रक्षेपणाच्या वेळी पैसे देऊन आपला संदेश ठळक करण्याची सोय आली. रक्कम जितकी मोठी तितका संदेश अधिक काळ वर राहतो. तमाशाच्या फडातील दौलतजादा ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही : पैसा द्यायचा, आणि देणाऱ्याचे नाव सर्वांसमोर घेतले जायचे. कलावंताकडे पैसा थेट येतो हे या प्रकाराचे बळ आहे. संकेतस्थळ त्यातून तीस टक्के काढून घेते.

मात्र या सर्वांहून दूरगामी बदल झाला तो लघु व्हिडिओंमुळे. त्याचा आरंभ भारतात झाला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. ट्विटरच्या मालकीच्या, सहा सेकंदांच्या व्हिडिओंच्या 'व्हाइन'ची कथा त्या वेळी ताजी होती; निर्मात्यांना पैसे देण्याची स्थिर व्यवस्था तेथे उभी राहिली नाही, ते अन्यत्र गेले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. यूट्यूबने प्रथम ठरावीक निधीतून बक्षिसे दिली आणि फेब्रुवारी २०२३ पासून वाटणी सुरू केली. या वाटणीची रीत पाहण्यासारखी आहे. जाहिरात कोणत्याही एका शॉर्टवर नसते. दोन शॉर्ट्सच्या मधल्या जागेत असते. तिचे उत्पन्न सामाईक गल्ल्यात जाते, संगीताचा खर्च त्यातून निघतो, आणि निर्मात्यांच्या वाट्याचा जो भाग उरतो तो त्या त्या देशातील एकूण दर्शनांच्या प्रमाणात विभागून त्यातील ४५ टक्के निर्मात्याच्या हाती पडतात.

वर दिवाळी अंकाच्या सामाईक हिशेबाचे गुण सांगितले. येथेही गल्ला सामाईकच आहे, पण तो वाटणारा संपादक नाही. वाटप पुन्हा दर्शनांच्या मोजणीनेच होते. लांब व्हिडिओच्या निर्मात्याला आपल्या कोणत्या कामाने काय आणले हे निदान कळत होते. शॉर्टच्या निर्मात्याला मिळणारी रक्कम त्याच्या कामाइतकीच त्याच्या देशातील इतर सर्वांच्या कामावर अवलंबून असते. कमाईचा धागा कृतीपासून सुटला आणि सरकत्या पडद्याला बांधला गेला.

उंबरठ्याबाहेरचे

यूट्यूबचे उत्पन्न किती, हे गूगलने विकत घेतल्यावर तेरा वर्षांहून अधिक काळ स्वतंत्रपणे सांगितले गेले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अल्फाबेट या मूळ कंपनीने प्रथमच आकडा दिला : २०१९ चे जाहिरात-उत्पन्न सुमारे १५.१ अब्ज डॉलर. २०२४ मध्ये तो ३६ अब्जांवर गेला. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या वेव्ह्ज परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी नील मोहन यांनी गेल्या तीन वर्षांत भारतातील निर्माते, कलावंत आणि माध्यमसंस्था यांना २१,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांनी हा आकडा निर्मात्यांच्या समृद्धीचा पुरावा म्हणून छापला. वस्तुतः संगीताचे प्रचंड भांडार बाळगणारी कंपनी, वृत्तवाहिनी आणि खेड्यातील चुलीसमोर बसलेली गृहिणी ही एकाच बेरजेत असतील तर त्या बेरजेतून गृहिणीविषयी काहीही निष्पन्न होत नाही.

तिच्याविषयी अधिक सांगणारा दाखला २०१८ चा आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत जाहिरातीच्या वाट्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तास दर्शन ही अट जाहीर झाली. तत्पूर्वीची अट एकूण दहा हजार दर्शनांची होती. ज्यांना या बदलाची झळ बसेल त्यांच्यापैकी ९९ टक्के निर्मात्यांची वर्षाची कमाई शंभर डॉलरहून कमी आहे, असे कंपनीनेच समर्थनार्थ सांगितले. म्हणजे ज्यांना थोडे मिळते त्यांचे ते थोडेही काढून घेतल्याने फारसे बिघडत नाही, असा हा युक्तिवाद होता. २०२३ मध्ये पाचशे वर्गणीदारांची एक खालची पायरी आली, पण तिच्यावर जाहिरातीचा वाटा नाही.

यापुढचे पाऊल फारशी चर्चा न होता पडले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतर देशांत सेवाशर्ती बदलल्या. जे निर्माते या उंबरठ्याच्या बाहेर आहेत त्यांच्याही व्हिडिओंवर जाहिराती लावण्याचा अधिकार यूट्यूबने घेतला. त्या उत्पन्नातील कोणताही वाटा अशा निर्मात्यांना देय नाही. तोवर 'तुमच्या व्हिडिओतून आम्ही कमावू लागलो तर तुम्हालाही देऊ' असे या व्यवहाराचे ढोबळ स्वरूप होते. ते संपले. मोफत साठवण आणि प्रक्षेपण हाच मोबदला, असे याचे समर्थन करता येईल, आणि ते निराधार नाही. परंतु मग त्याला भागीदारी म्हणू नये.

या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्यांत आपण, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापक, मोठ्या संख्येने आहोत. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभरातील अध्यापकांनी आपली व्याख्याने घाईघाईने यूट्यूबवर चढविली. मर्ढेकरांची कविता, सहकाराचा इतिहास, बीजगणित, मृदाशास्त्र असे सारे विषय तेथे आहेत. एका वर्गापुरत्या या व्हिडिओंना चार हजार तास कोठून मिळणार? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत ई-आशय निर्मितीसाठी गुणांकनाची तरतूद होती. अनेकांना त्या खात्यावर काही मिळालेही असेल. परंतु ती व्याख्याने आजही तेथे आहेत, विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री ती पाहतात, आणि जाहिराती लावण्याचा अधिकार त्यांवरही लागू आहे.

शिवाय ती चढविली गेली ती बहुधा अध्यापकाच्या वैयक्तिक ईमेल खात्यावरून. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम मालक, अन्यथा करार नसल्यास, नियोक्ता असतो. म्हणजे कृती कदाचित संस्थेची, खाते अध्यापकाचे, जाहिरात तिसऱ्याची आणि उत्पन्न चौथ्याचे. अध्यापक निवृत्त झाला, त्याचे खाते बंद पडले, की त्या वर्षांतील अध्यापनाचा दस्तऐवजही त्यासोबत जाईल. आपल्या ग्रंथालयांत जुन्या अध्यापकांच्या हस्तलिखित टिपणांच्या फायली सापडतात. २०२० मधील व्याख्यानांची एक प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवण्याचा ठराव किती महाविद्यालयांच्या विकास समित्यांनी केला आहे?